दोन आजोबांची नात : हारु मात्सुकाता रायशावर

जुनी_वही

हारु मात्सुकाता रायशावर हे नाव कुठेही शोधा, पहिल्या ओळीत 'अमेरिकेचे जपानमधले राजदूत एडविन रायशावर यांच्या पत्नी' असंच सापडतं. रायशावर राजदूत होते १९६१ ते १९६६. हारु जन्मली १९१५ मध्ये टोकियोत आणि गेली १९९८ मध्ये कॅलिफोर्नियात. ऐंशीच्या वर गेलेल्या आयुष्यातली ही पाच-साडेपाच वर्षं, आणि ओळख मात्र तेवढ्यावरच थांबलेली. मला हे फार लागतं, म्हणून हा धागा.

तिचं पुस्तक हाती आलं ते योगायोगाने. शेजारच्या आजोबांचं कपाट आवरायला गेले होते, त्यात 'सामुराय अँड सिल्क' सापडलं. हार्वर्ड विद्यापीठाने १९८६ साली छापलेलं. कपाट तसंच राहिलं आणि मी तिथेच भिंतीला टेकून पन्नासेक पानं वाचली.

पुस्तकात ती स्वतः फार थोडी आहे. ते आहे तिच्या दोन आजोबांबद्दल.

वडिलांचे वडील मात्सुकाता मासायोशी. १८३५ मध्ये कागोशिमात एका गरीब सामुराय घरात जन्मले, लहान वयातच पोरके झाले. मेइजी राजवटीत १८८१ साली अर्थमंत्री झाले, १८८२ साली बँक ऑफ जपान उभी केली, १८९७ साली देशाचं चलन सोन्याला बांधलं, दोनदा पंतप्रधान झाले. त्यांची मुलं इतकी होती की सम्राटांनी आकडा विचारल्यावर 'चौकशी करून कळवतो' असं त्यांनी उत्तर दिल्याचं सांगतात. सगळी मुलं एका आईची नव्हती, पण वाढवली ती त्यांच्या पत्नीने, मासाकोने. ही गोष्ट सांगताना लोक हसतात. मला मात्र दरवेळी त्या बाईचे कष्ट आठवतात.

आईचे वडील आराइ र्योइचिरो. मला जास्त जवळचे वाटले ते हे. गुन्मा प्रांतातल्या मिझुनुमा गावच्या होशिनो घराण्यातला हा मुलगा, आराइ कुटुंबात दत्तक गेलेला. थोरला भाऊ होशिनो चोतारो याने १८७४ साली गावात पाण्यावर चालणारी रेशीम गिरणी काढली. रेशीम चांगलं निघू लागलं, पण विकायचं कसं? योकोहामाला परदेशी व्यापाऱ्यांच्या पेढ्या होत्या, सगळा माल त्यांच्या हातून जायचा आणि भावही तेच ठरवायचे. तेव्हा चोतारोने विशीतल्या धाकट्या भावाला थेट न्यूयॉर्कला पाठवायचं ठरवलं. साल १८७६, जहाज 'ओशनिक'.

निघण्यापूर्वी र्योइचिरो त्या भागाचे गव्हर्नर कातोरी यांचा निरोप घ्यायला गेला. कातोरींच्या पत्नीने त्याच्या हातात एक आखूड तलवार ठेवली. ती तिच्या भावाची होती आणि तो भाऊ म्हणजे योशिदा शोइन. १८५४ साली शिमोदाच्या किनाऱ्यावरून रात्री होडी वल्हवत अमेरिकन नौदलाच्या कमोडोर पेरीच्या जहाजापर्यंत गेलेला आणि 'मला तुमच्या देशात न्या' म्हणून विनवणारा. तेव्हा जपान्यांना देश सोडायला बंदी होती. अमेरिकनांनी त्याला परत किनाऱ्यावर सोडलं, सरकारने कैदेत टाकलं आणि १८५९ साली त्याचा शिरच्छेद झाला. भावाला जो समुद्र ओलांडता आला नाही तो त्याच्या तलवारीने ओलांडावा, एवढीच त्या बहिणीची इच्छा. रेशमाचे नमुने घेऊन निघालेल्या पोराच्या सामानात ती तलवार गेली.

न्यूयॉर्कमध्ये रिचर्डसन नावाच्या व्यापाऱ्याशी पहिला सौदा ठरला. त्याच वर्षी युरोपातलं रेशमाचं पीक बुडालं आणि माल पोचेपर्यंत भाव कुठल्या कुठे गेले. ठरलेल्या भावात माल देणं म्हणजे भावाच्या गिरणीला उघड खोट. र्योइचिरोने शब्द पाळला आणि ठरल्या भावातच माल दिला. जपानी मालात भेसळ असते, जपानी व्यापारी बोलल्याला जागत नाही, अशी त्या काळी बाजारात बोलवा होती. ती या एका व्यवहाराने पुसली नाही, पण र्योइचिरोचं नाव मात्र तिथून झालं. पुढे तो कनेटिकटमध्ये घर करून राहिला, आणि त्याची मुलगी मियो, म्हणजे हारुची आई, अमेरिकेत वाढली.

आता हारु. घर टोकियोतल्या आझाबूमधलं, आडनाव माजी पंतप्रधानांचं, पण आईची बोलायची भाषा इंग्रजी. आईने ख्रिश्चन सायन्स पंथ स्वीकारलेला. मुलींना शिकवायला अमेरिकन शिक्षिका आणि पुढे टोकियोतलीच अमेरिकन शाळा. आजूबाजूच्या जपानी मुलींसारखं आपलं काहीच नाही हे तिला लहानपणापासून सलत होतं. कॉलेज इलिनॉयमधलं प्रिन्सिपिया, १९३७ साली पदवी. परत आली तेव्हा जपान चीनशी लढत होता. युद्धाची सगळी वर्षं तिने जपानमध्येच काढली. युद्ध संपल्यावर अमेरिकन बातमीदारांना अशी माणसं हवी होती ज्यांना दोन्ही भाषा आणि दोन्हीकडची माणसं कळतात. तिथे ती कामाला लागली, 'ख्रिश्चन सायन्स मॉनिटर' आणि 'सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट'साठी. लहानपणी जे सलत होतं त्यावरच तिने पोट भरलं. मला तिच्या आयुष्यातली ही सर्वांत अभिमानाची वर्षं वाटतात.

एडविन रायशावर टोकियोत जन्मलेले, मिशनऱ्याचा मुलगा, हारुच्याच शाळेत काही वर्षं पुढे. तेव्हा ते तिला मनातून आवडायचे, हे तिने पुढे सांगितलंय. १९५५ साली त्यांची पहिली पत्नी वारली. त्याच वर्षी ते मुलांना घेऊन जपानमध्ये असताना कादंबरीकार जेम्स मिचनर यांनी दोघांची गाठ घालून दिली. १९५६ साली लग्न झालं. चाळिशी गाठलेली हारु एकदम तीन मुलांची आई झाली आणि बोस्टनजवळच्या बेलमाँटला राहायला गेली.

१९६१ साली केनेडींनी रायशावरांना टोकियोला पाठवलं. हारुला हे नको होतं. जपानी वर्तमानपत्रांनी मात्र जावई घरी आल्यासारखं स्वागत केलं. जिने इतकी वर्षं प्रश्न विचारले ती आता अशा जागी बसली जिथे प्रश्न विचारायची सोय नव्हती. बायकांच्या संस्था, शाळा, भाषणं, आणि प्रत्येक वाक्य दोन देशांच्या वतीने तोलून.

मी एका मराठी दैनिकात नऊ वर्षं उपसंपादक होते. नवऱ्याची बदली झाली तेव्हा सोडलं. त्यानंतर समारंभांत माझी ओळख 'साहेबांच्या मिसेस' अशी होत असे, आणि लोक ते आदरानेच म्हणत. म्हणून हारु दूतावासातून बाहेर पडल्यावर काय करते, याकडे माझं सगळं लक्ष लागलं होतं. ती पुन्हा लिहायला बसते. आजोबांची पत्रं, घराण्यातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी, चोतारो आणि र्योइचिरो यांच्यातला पत्रव्यवहार, हे सगळं जमवते. सत्तरी उलटल्यावर पुस्तक येतं. त्याच १९८६ साली नवऱ्याचं आत्मचरित्रही आलं. माझी विनंती एवढीच की दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवा आणि तिचं आधी उघडा.

हळदीचं_पान

तलवारीचा प्रसंग वाचून काटा आला अंगावर. त्या बहिणीचं नाव काय होतं?

जुनी_वही

हिसा. भावाला मारलं तेव्हा ती विशीतलीच होती. सोळा-सतरा वर्षं ती तलवार तिने जपली आणि मग एका परक्या मुलाला दिली.

खतावणी

लेख मनापासून आवडला, ताई. पण एक बाजू मांडतो, राग मानू नका. एम. ए.ला अर्थशास्त्र शिकताना मात्सुकाता हे नाव आम्हाला वेगळ्याच संदर्भात भेटलं. सात्सुमा भागातल्या सामुरायांच्या बंडाच्या खर्चापायी सरकारने नोटा छापल्या होत्या आणि महागाई भडकली होती. १८८१ नंतर मात्सुकातांनी नोटा मागे घेतल्या, कर वाढवले, सरकारी कारखाने विकले. चलन सावरलं, आजही त्यांचं कौतुक होतं ते याचंच. पण भाव कोसळले. तांदूळ पडला, रेशीम पडलं. शेतकऱ्याचा सारा मात्र रोख रकमेत ठरलेला, तो तेवढाच राहिला. लोक सावकाराच्या दारात गेले आणि जमिनी गमावून बसले.

१८८४ च्या नोव्हेंबरात चिचिबूला उठाव झाला तो यातूनच. चिचिबू म्हणजे टोकियोच्या वायव्येचा डोंगराळ मुलूख, गुन्माला लागून. तिथली घरं रेशमाच्या किड्यांवर जगणारी. त्यांनी सावकारांची घरं फोडली, कर्जाचे कागद जाळले, आणि सरकारने सैन्य पाठवून ते मोडलं. पुढाऱ्यांना फाशी झाली.

म्हणजे बघा, हारुचे एक आजोबा न्यूयॉर्कला रेशीम विकत होते आणि दुसऱ्या आजोबांच्या धोरणाने रेशीम पिकवणारा धुळीला मिळत होता. दोन्ही एकाच दशकात. 'सामुराय आणि रेशीम' या नावातच हा पेच आहे असं मला वाटतं.

जुनी_वही

राग कसला, हे कुणीतरी लिहायलाच हवं होतं. कर्जाचे कागद जाळणारी ती माणसं कुणाचेतरी आजोबाच होती आणि त्यांच्या नातींना हार्वर्डचा छापखाना मिळाला नाही. नातीने लिहिलेल्या पुस्तकात आजोबांबद्दल माया असणारच. ती माया खरी म्हणून वाचावी आणि चिचिबू शेजारी उघडं ठेवावं, असं मी करते. तरी एक सांगते. मासायोशींनी अर्थमंत्री होण्याच्या कितीतरी आधी, हिता नावाच्या भागाचे गव्हर्नर असताना, टाकून दिलेल्या मुलांसाठी आश्रम काढला होता. गरिबीने लोक मुलं मारतात हे कळल्यावर. तोच माणूस पुढे चिचिबूचा विचार करत नाही, हे मला समजून घेता येत नाही.

पैठणीचा_पदर

आमचं घर येवल्याचं, चार पिढ्या मागावर. म्हणून चोतारोच्या गिरणीबद्दल थोडं सांगावंसं वाटतं, कारण त्याशिवाय र्योइचिरोने काय विकलं ते नीट कळणार नाही.

एका कोषातून निघणारा तंतू सलग असतो, हजार मीटरच्या आसपास, पण इतका बारीक की एकटा कामाचा नाही. गरम पाण्यात कोष मऊ करून पाच-सहा कोषांचे तंतू एकत्र ओढायचे, तेव्हा एक धागा होतो. एक कोष संपत आला की दुसऱ्याचं टोक त्याच क्षणी जोडायचं. हात चुकला की धागा तिथे बारीक पडतो नाहीतर गाठ येते. हातमागावर आम्ही अशी जागा बोटाने ओळखतो, सावरून घेतो. यंत्रमाग सावरून घेत नाही, धागा तुटतो आणि माग थांबतो. त्या काळच्या अमेरिकेत, न्यू जर्सीच्या पॅटरसनमध्ये, बरंचसं काम यंत्रमागावर होतं. त्यांना स्वस्त माल नको होता, सारख्या जाडीचा धागा हवा होता. म्हणून गिरणीत ओढलेल्या रेशमाला तिथे मागणी. हे र्योइचिरोने तिथे राहून ओळखलं आणि भावाला तसं कळवत राहिला. व्यापार उभा राहिला तो त्या जाडीवर.

आणि ते कोष ओढणारे हात मुलींचे. दहा-बारा वर्षांपासून पुढच्या. दिवसभर गरम पाण्यात बोटं. माझ्या आजीची बोटं मला माहीत आहेत, म्हणून लिहिलं.

योकोहामावासी

या धाग्यावर लिहायलाच हवं मला. अकरा वर्षं इथे आहे. बंदरापासून चालत पाच-सात मिनिटांवर रेशीम संग्रहालय आहे, मी पाहुण्यांना हमखास नेतो. तिथे कोषातून धागा काढायचं प्रात्यक्षिक असतं आणि जुन्या निर्यातीच्या पुड्यांवरची रंगीत लेबलं लावलेली आहेत. गुन्मातली तोमिओकाची सरकारी गिरणी तर आता जागतिक वारसा आहे, २०१४ पासून. लाल विटांची लांबच लांब इमारत, १८७२ ची. फ्रेंच तज्ज्ञ आणून सरकारने ती बांधली आणि चोतारोने दोनच वर्षांत शेजारच्या मुलखात स्वतःची खाजगी गिरणी चालू केली. ती जागा अजून पाहिलेली नाही.

मात्सुकाता घराणं इथे अजून जागोजागी दिसतं. हारुची बहीण ताने हिने १९४९ साली आझाबूमध्ये शाळा काढली, निशिमाची. दोन्ही भाषा मुलांना सारख्याच याव्यात हा तिचा आग्रह. शाळेच्या आवारातलं जुनं घर म्हणजे मात्सुकातांचंच घर. मला हे फार मोठं वाटतं. ज्या दुभाषी बालपणाचा हारुला त्रास झाला, त्याचीच बहिणीने शाळा केली.

काका कोजिरो, जहाजबांधणीवाले. त्यांनी युरोपात चित्रं आणि शिल्पं जमवली, त्यातली बरीच फ्रान्समध्ये अडकली, दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रेंच सरकारने जप्त केलेली परत दिली. ती ठेवायला टोकियोतल्या उएनोमध्ये संग्रहालय बांधलं, १९५९ साली, वास्तुरचना ल कॉर्बुझिए यांची. चंदीगडचं कॅपिटल संकुल आणि हे संग्रहालय २०१६ साली एकाच यादीत जागतिक वारसा ठरले.

सह्यकडा

मात्सुकाता! हे नाव मला गिर्यारोहणातून माहीत होतं आणि आत्ता जोडणी लागली. १९७० च्या जपानी एव्हरेस्ट मोहिमेचे नेते मात्सुकाता साबुरो. सत्तरी ओलांडलेला माणूस, पेशाने पत्रकार. त्याच मोहिमेत नाओमी उएमुरा आणि मात्सुउरा शिखरावर पोचले. साबुरो मासायोशींचे मुलगे ना?

योकोहामावासी

हो. हारुचे काका.

तिसरी_पाळी

मी परिचारिका आहे, रक्तपेढीत सात वर्षं काम केलं. रायशावर हे नाव आमच्या क्षेत्रात वेगळ्या कारणाने येतं आणि इथे अजून कुणी लिहिलं नाही.

२४ मार्च १९६४. दुपारी दूतावासाच्या दारातच एका एकोणीस वर्षांच्या मुलाने राजदूतांच्या मांडीत सुरा खुपसला. मुलगा मनोरुग्ण होता. तोरानोमोन रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली, खूप रक्त द्यावं लागलं. शुद्धीवर आल्यावर रायशावर म्हणाले की आता माझ्या अंगात जपानी रक्तही आहे. लोकांच्या शरमेवर फुंकर घालण्यासाठी ते बोलले. पण त्याच रक्तातून त्यांना कावीळ झाली.

तेव्हा जपानमधलं बहुतेक रक्त विकत घेतलेलं असे. गरीब माणसं पुन्हा पुन्हा रक्त विकायची, इतक्या वेळा की त्यात तांबड्या पेशी फार कमी उरायच्या. त्याला तिथे 'पिवळं रक्त' म्हणत. देशातले विद्यार्थी, डॉक्टर, पत्रकार यावर आधीपासून बोलत होते, पण राजदूत आजारी पडल्यावर सरकार हललं. ऑगस्ट १९६४ मध्ये मंत्रिमंडळाने ऐच्छिक रक्तदानाचा ठराव केला, रेड क्रॉसकडे काम दिलं, आणि पुढच्या काही वर्षांत चित्र पालटलं.

दुसरी बाजू दुःखाची आहे. 'वेड्यांना मोकळं सोडू नका' असा वर्तमानपत्रांत ओरडा झाला आणि १९६५ साली मानसिक आरोग्याच्या कायद्यात बदल झाला तो त्या भीतीच्या छायेत. एका सुऱ्याने रक्त स्वच्छ केलं आणि मनाच्या आजारी माणसांची दारं आणखी घट्ट बंद केली.

रायशावर पुढे सव्वीस वर्षं त्या कावीळीशी झगडले, १९९० मध्ये त्यातच गेले. सव्वीस वर्षं घरात यकृताचा रुग्ण म्हणजे काय हे मला माहीत आहे. पथ्याचं ताट, तपासण्या, एका रात्रीत होणारी रक्ताची उलटी. त्या वर्षांतच हारुने हे पुस्तक लिहिलं हे माझ्या ध्यानात आलं आणि मी बराच वेळ गप्प बसले.

जुनी_वही

तिसरी_पाळी, हे मला सुचलंच नव्हतं. मी १९६६ ते १९८६ हा काळ 'पुन्हा लिहायला बसते' अशा तीन शब्दांत उरकला. तुम्ही त्याला घर दिलंत.

दोन_दारांचं_घर

मी मॅसॅच्युसेट्समध्ये असते, बेलमाँटपासून फार लांब नाही. रायशावरांचं घर अजून आहे, त्या रस्त्यावरून गेलेय मी, माहीत नसताना.

माझी मुलगी बारा वर्षांची. शाळेत तिला विचारतात, 'तू खरी कुठली?' आणि सुट्टीत सांगलीला गेली की आत्याच्या मुलीही तेच विचारतात. गेल्या दिवाळीत तिने मला विचारलं, मग मी उत्तर काय देऊ? मी तिला तेव्हा म्हटलं, 'दोन्हीकडची म्हण.' तिला ते पटलं नाही, तिचा चेहरा मला दिसला.

हारुच्या बाबतीत मला एवढंच जाणून घ्यायचंय, तिने काय उत्तर दिलं?

जुनी_वही

माझं वाचन असं आहे. तिने या प्रश्नाला सरळ उत्तर दिलंच नाही, तिने माणसं दाखवली. कागोशिमातला पोरका मुलगा, गुन्मातले दोन भाऊ, कनेटिकटमध्ये वाढलेली आई. 'मी कुठली' याऐवजी 'मी कुणाकुणाची' असं तिने लिहिलं. तुमच्या मुलीला सांगलीतल्या एखाद्या पणजीची गोष्ट नावासकट, गावासकट, तिच्या कामासकट सांगा. तिला त्यात काय सापडेल ते तिचं ती ठरवेल.

पारिजात

धाग्याचा विषय राजनैतिक अधिकाऱ्याची लेखिका पत्नी असा असेल तर युकिको सुगिहारा यांची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. लिथुआनियातल्या काउनासमध्ये १९४० च्या जुलै-ऑगस्टमध्ये ज्यूंना व्हिसा देणारे चिउने सुगिहारा, त्यांच्या पत्नी. त्यांच्याबद्दल आपल्याला जे जे घरगुती तपशील माहीत आहेत ते बहुतेक युकिकोंच्या १९९० च्या आठवणींच्या पुस्तकातून आलेत. खिडकीखाली उभी असलेली माणसं, टोकियोहून आलेला नकार, दिवसभर लिहून आखडलेला नवऱ्याचा हात रात्री चोळणं, काळजीने तान्ह्या मुलाचं दूध आटणं. यादीत २१३९ नावं आहेत.

त्या तान्का, म्हणजे छोट्या जपानी कविता लिहीत, त्यांचा संग्रहही आहे. १९४७ साली जपानला परतल्यावर नवऱ्याला परराष्ट्र खात्यातून जावं लागलं आणि त्याच वर्षी काउनासमध्ये जन्मलेला मुलगा सात वर्षांचा असताना गेला. पुढच्या वर्षी सोबत राहिलेली बहीणही. चिउने १९८६ मध्ये वारले आणि युकिको २००८ पर्यंत होत्या, देशोदेशी जाऊन बोलत होत्या. नवऱ्याची गोष्ट जगाला कळली ती एका लिहिणाऱ्या बाईमुळे, आणि तिला लोक 'पत्नीच्या आठवणी' म्हणतात. हारुचं दुःख यापेक्षा वेगळं, पण दोघींना लोकांनी दिलेली जागा सारखीच.

खतावणी

हे पटलं. फरकही आहे एक. युकिकोंनी नवऱ्याबद्दल लिहिलं. हारुकडे सांगायला राजदूतावास होता, केनेडी होते, सुरा होता. तरी तिने ते बाजूला ठेवून १८७६ ची गोष्ट निवडली. मी आधी तिच्यावर थोडा अन्याय केला. पंतप्रधानांची नात म्हणून पुस्तकाकडे संशयाने पाहिलं.

हळदीचं_पान

पुस्तक मराठीत आहे का? निदान जपानीत तरी?

योकोहामावासी

जपानीत आहे, १९८७ चं. भाषांतर हिरोनाका वाकाको यांचं, त्या पुढे मंत्रीही झाल्या. गणितातलं फील्ड्स पदक मिळालेल्या हिरोनाका हेइसुके यांच्या पत्नी. बघा, त्यांचीही ओळख मी तशीच करून दिली, लिहून झाल्यावर कळलं. तसंच ठेवतो.

एक गंमत नाही, पण विचार करण्यासारखी गोष्ट. जपानी आवृत्तीचं नाव 'किनु तो बुशी', म्हणजे 'रेशीम आणि योद्धा'. इंग्रजीत सामुराय आधी, जपानीत रेशीम आधी.

पैठणीचा_पदर

रेशीम आधीच हवं.

जुनी_वही

मलाही जपानी क्रम जास्त खरा वाटतो. अमेरिकन वाचकाला तलवार दाखवावी लागते, मग तो पान उलटतो. तलवार समुद्रापार गेली तीसुद्धा रेशमाच्या गाठोड्यासोबत.

मराठीत आलेलं माझ्या पाहण्यात नाही. मी र्योइचिरोच्या पहिल्या सौद्यापर्यंतची टिपणं काढली आहेत. कुणाला हवी असतील तर इथेच टाकत जाईन, थोडी थोडी.

दोन_दारांचं_घर

हवीत. लेकीला मी शोइनच्या होडीपर्यंत सांगितलंय. तिने विचारलं, त्या बहिणीने तलवार दिल्यावर तिच्याकडे भावाचं काय उरलं? मला सांगता आलं नाही. कुणाला माहीत असेल तर लिहा.

तिसरी_पाळी

पत्रं उरली असतील. शोइन तुरुंगातून घरी पत्रं लिहायचा, बहिणींना लिहिलेलीही आहेत.

योकोहामावासी

टोकियोतल्या कांदा नावाच्या भागात जुन्या पुस्तकांच्या दुकानात 'किनु तो बुशी' मिळालं. मधल्या पानात कुणीतरी पेन्सिलीने रेघा मारल्यात, चोतारोच्या प्रकरणात सर्वांत जास्त. वातारासे नदीच्या काठाने जाणाऱ्या छोट्या रेल्वेवर मिझुनुमा नावाचं स्टेशन आहे, किर्यूच्या पुढे. शनिवारी सकाळची गाडी धरतोय. गिरणीची जागा गावात कुणाला विचारता आली तर फोटो टाकतो.